कुर्ल्याची फियाट सोलापूरच्या वाटेवर

मुंबईत कुर्ल्याच्या पश्चिमेस, लालबहादूर शास्त्री मार्गाच्या परिसरात एके काळी प्रीमियर ऑटोमोबाइल्सचा कारखाना होता. आज तेथे उंच निवासी इमारती आणि कार्यालये दिसतात. सोलापुरात जन्मलेले उद्योगपती शेठ वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली ही कंपनी स्थापन केली. प्रारंभी अमेरिकन मोटारींची येथे जुळणी होई. पुढे इटलीच्या फियाट कंपनीशी करार होऊन मध्यमवर्गास परवडेल अशी लहान मोटार तयार होऊ लागली. ज्यांचे नाव या रस्त्यास आहे, त्या शास्त्रीजींनीही पंतप्रधानपदी असताना फियाटच घेतली. किंमत बारा हजार रुपये. पैकी पाच हजार पंजाब नॅशनल बँकेचे कर्ज. त्यांच्या निधनानंतर ललितादेवींनी ते कर्ज फेडले. ती गाडी दिल्लीतील त्यांच्या स्मारकात जपून ठेवलेली आहे.

याच परिसरातील एका लहानशा गॅरेजमधून फेब्रुवारीतील एका सकाळी १९७२ सालची एक फियाट बाहेर पडली. ती सोलापूरच्या एका कापड व्यापाऱ्याच्या घरातील. वडिलांनी नंबर लावून, दीर्घ प्रतीक्षेनंतर मिळवलेली. त्यांच्या पश्चात दोघा भावांची वाटणी झाली, तेव्हा दुकान, घर, दागिने यांचा रुपया-आण्यापर्यंत हिशेब झाला. गाडीचे नाव मात्र कोणत्याच रकान्यात आले नाही. घटत्या शिल्लक पद्धतीने दरसाल १५ टक्के घसारा धरला, तर वीस हजारांची वस्तू ५० वर्षांनी सुमारे सहा रुपयांवर येते. शून्य मात्र कधीच होत नाही. त्या सहा रुपयांच्या मालमत्तेवर धाकट्याने हक्क सांगितला. थोरला एवढेच म्हणाला, “हा मोह आहे, व्यवहार नव्हे.” भंगारवाला तर दारापर्यंत येऊन भाव सांगून गेला होता.

व्यवहाराच्या दृष्टीने थोरल्याचे चुकले नव्हते. तळाचा पत्रा गंजून त्यातून जमीन दिसत होती. रबरी नळ्या कडक झाल्या होत्या आणि स्टिअरिंगलगतच्या गिअरदांड्याचे बुश झिजून दुसरा गिअर हाती लागेनासा झाला होता. गाडी ट्रकवरून कुर्ल्यास आली. डेंटरने सडलेला पत्रा कापून नवा जोडला. सुटे भाग कुर्ल्याच्या सीएसटी रोडवरील दुकानांतून आणि चोरबाजारातून एकेक करून जमवावे लागले. १०८९ सीसीचे इंजिन उघडून पुन्हा बांधले गेले. आजच्या पेट्रोलमध्ये इथेनॉल मिसळलेले असते. जुने रबर त्याला टिकत नाही, म्हणून इंधनाच्या साऱ्या नळ्या बदलल्या. मूळ इंजिन, मूळ सांगाडा आणि मूळ ठेवण यांस मात्र हात लावायचा नाही, हा मालकाचा आग्रह होता.

नोंदणीचाही प्रश्न होता. ५० वर्षांहून जुन्या वाहनांसाठी २०२१ मध्ये ‘व्हिंटेज’ नोंदणीचे नियम आले. त्यात मान आहे, पण बंधनही आहे. अशी गाडी प्रदर्शन, रॅली, इंधन भरणे, देखभाल यांपुरतीच रस्त्यावर आणता येते. धाकट्यास काचेच्या पेटीतील वस्तू नको होती. वडिलांप्रमाणे ती चालवायची होती. म्हणून त्याने योग्यता तपासणी करून, पर्यावरण कर भरून नेहमीच्याच नोंदणीचे पाच वर्षांसाठी नूतनीकरण केले.

जुन्या महामार्गाने गाडी खोपोलीपर्यंत निर्वेध आली. ऊन चढले होते. घाटात शिंग्रोबाच्या देवळाअलीकडे इंजिन दोन आचके देऊन बंद पडले. उष्णतेने नळीतच पेट्रोलची वाफ झाली होती. जुने चालक अशा वेळी इंधनपंपावर ओला फडका ठेवीत. धाकट्यास वडिलांचा तो फडका आठवला. अर्ध्या तासाने गाडी सुरू झाली. ज्या धनगराने घाटाची वाट दाखविली असे सांगतात, त्या शिंग्रोबापुढे रिवाजाप्रमाणे नाणे टाकून तो निघाला. याच बोरघाटातील रेल्वेच्या बोगद्यांच्या कामातही वालचंदांचा सहभाग होता. सोलापूरच्या कंत्राटदाराने फोडलेल्या डोंगराशेजारून सोलापूरची गाडी दुसऱ्या गिअरमध्ये सावकाश वर चढत होती.

सूर्यास्तापूर्वी जेवण उरकून पुण्यात मुक्काम झाला. दुसऱ्या दिवशी भिगवणनजीक उजनीच्या फुगवट्यावर रोहित पक्ष्यांचा थवा दिसला. ताशी ६० किलोमीटरच्या वेगाने जाणाऱ्यासच अशी दृश्ये लाभतात. इंदापूर तालुक्यातील वालचंदनगर मुख्य रस्त्यापासून आत राहिले. टेंभुर्णी, मोहोळ मागे पडले. चहाच्या टपऱ्यांवर गाडीभोवती माणसे जमत आणि प्रत्येक जण कोणाची तरी आठवण सांगे : कोणाचे वडील, कोणाचे डॉक्टर, कोणाची वरात. मुंबईत ‘पद्मिनी’ टॅक्सी म्हणून हेच वाहन दशकानुदशके धावले. तेथील शेवटच्या पद्मिनी टॅक्सीची नोंदणी २९ ऑक्टोबर २००३ ची होती; वीस वर्षांची मुदत संपताच २०२३ मध्ये तीही रस्त्यावरून गेली.

तिसऱ्या प्रहरी गाडी सोलापुरात दुकानासमोर थांबली. थोरला भाऊ गादीवरून उठून बाहेर आला. त्याने रंगाचे कौतुक केले नाही, खर्चही विचारला नाही. बॉनेट उघडावयास लावले, तेलाची पट्टी काढून पुसली, पुन्हा घालून पातळी पाहिली. वडील दर रविवारी हेच करीत.

“दादा, बसतोस?” धाकट्याने किल्ली पुढे केली.

थोरला चालकाच्या जागी बसला. खाली न पाहता त्याचा डावा हात गिअरदांड्याकडे गेला आणि पहिला गिअर पहिल्याच प्रयत्नात पडला. बाजारपेठेला एक फेरी मारून आल्यावर किल्ली परत देताना तो म्हणाला, “सर्व्हिसिंगचा खर्च अर्धा माझ्या नावे लिहीत जा.”

वाटणीत जिचे नाव नव्हते, तिच्यासाठी त्या संध्याकाळी सामाईक खाते उघडले गेले.