बेट आमच्या दारी

"चार रात्री, पाच दिवस, ब्रेकफास्ट फ्री!" मालदीव-मॉरिशसची जाहिरात दिसली की आमच्या कॅन्टीनमध्ये उसासे सुटतात. निळं पाणी, माडांची सावली, हातात शहाळं, म्हणजे बेटावरचं आयुष्य! कॅम्पस इंटरव्ह्यू झाला की पहिल्या पगारात कोण कुठे जाणार याचंही बुकिंग होऊन जातं. मी मात्र गालातल्या गालात हसते. कारण मी जन्मापासून बेटावरच राहते, तेही पॅकेजशिवाय!

खोटं वाटतं? मी माहुलची. मुंबईची सात बेटं आपण सगळ्यांनी शाळेत पाठ केली, पण तुर्भे उर्फ ट्रॉम्बे त्यांत नाही. ते साष्टीच्या पूर्वेला, खाडीने वेगळं केलेलं बेट होतं. पुढे भराव पडले, रस्ते-रूळ आले आणि बेट नकाशातून पुसलं गेलं. भरती-ओहोटी मात्र अजून येते-जाते.

आता लेझरबद्दल. आमच्या कॉन्व्हेंटमध्ये सुट्टी म्हणजे संडे. माझ्या आजीची सुट्टी चंद्र ठरवतो. अमावास्या-पौर्णिमेला उधाण, पाण्याला जबरदस्त ओढ. डोल जाळं त्या ओढीवरच भरतं. अष्टमीच्या सुमारास भांग लागते, पाणी मंदावतं. मग जाळी दारात येतात, फाटलेलं शिवून होतं आणि गप्पा रंगतात. फिजिक्समध्ये 'स्प्रिंग टाइड, नीप टाइड' शिकले तेव्हा आजीला सांगितलं. ती म्हणाली, "यासाठी फी भरलीस व्हय?"

चैन म्हणाल तर नारळी पौर्णिमा. सजवलेल्या होड्या, बँड, अंगभर सोनं, घरात नारळीभात. कला म्हणाल तर लग्नघरातली धवलारीण. पुस्तक न उघडता ती धवले गाते आणि तिच्या गाण्यावर लग्नाचे विधी पुढे सरकतात. आमच्या पिढीतल्या किती मुलींना ते धवले येतात? मला दोन-तीन कडवी येतात, बस्स.

समोरच्या घारापुरीचंही तसंच. तिथली लेणी १९८७ मध्ये जागतिक वारसा झाली. पण बेटावरच्या माणसांच्या घरात कायमची वीज आली २०१८ मध्ये, समुद्राखालून साडेसात किलोमीटर केबल टाकल्यावर. बेट पाहायला जग येतं, बेटावर राहणाऱ्यांचा नंबर मागाहून लागतो!

आणि माहुल? इथे १९५० च्या दशकात रिफायनऱ्या आल्या. २०२० मध्ये राष्ट्रीय हरित लवादाने माहुल-आंबापाड्याची हवा बिघडवल्याबद्दल चार कंपन्यांना २८६ कोटींची भरपाई ठोठावली. खाडीतल्या चिखलावर हिवाळ्यात फ्लेमिंगो उतरतात, कॅमेरेवाले येतात, आम्हालाही कौतुक वाटतं. पण त्याच खाडीत पूर्वीसारखी चिंबोरी मिळत नाही, हे बाबांची टोपली सांगते.

गंमत म्हणजे मी शिकते केमिकल इंजिनीअरिंग. गेल्या वर्षी इंडस्ट्रियल व्हिजिटला एका प्लँटच्या उंच प्लॅटफॉर्मवर चढलो. सर डिस्टिलेशन कॉलम समजावत होते आणि मला खाली खाडी दिसत होती, काठावर ओळीने बांधलेल्या होड्या. घरी सांगितलं तर बाबा इतकंच म्हणाले, "नोकरी लागली तर घे. पण वास कुठून येतो ते शोधून काढ."

बाबांच्या या एका वाक्याने मला चार वर्षांच्या सिलॅबसचा अर्थ सांगितला. टाकीच्या सीलमधून, लोडिंगच्या वेळी बाष्प कुठे निसटतं आणि ते परत कसं पकडायचं, हे आपल्याच पुस्तकात आहे. परीक्षेत ते सात मार्कांना येतं. आमच्या गल्लीत त्याची किंमत श्वासाइतकी आहे.

तेव्हा मित्रांनो, मालदीवला जरूर जा, फोटो पाठवा. माझ्या पहिल्या पगारात मी आजीला एक नवं नायलॉनचं जाळं घेणार आहे, आणि उरलेली कडवी तिच्याकडून लिहून घेणार आहे. भांगेच्या दिवसांत तिला वेळच वेळ असतो!