बाफ्त

नववीच्या विज्ञानात ऊतींची ओळख येते. मराठी पुस्तकात 'ऊती', आमच्या उर्दूत 'बाफ्त'. मालेगावच्या एका उर्दू शाळेत आम्ही हा भाग बरीच वर्षे शिकवत आलो आहोत. फारसीत 'बाफ्तन' म्हणजे विणणे. संस्कृतातल्या 'ऊति'चा अर्थही विणणेच, आणि इंग्रजीतला 'टिश्यू' फ्रेंचमधून आला तोही विणलेल्या कापडावरून. शरीराच्या आत डोकावल्यावर एवढ्या भाषांना कापडच आठवले! आमच्या वर्गात ही गंमत फार समजावून सांगावी लागत नाही. निम्म्याहून अधिक मुलींच्या घरात, नाहीतर घराच्या भिंतीला लागून लूम चालतो. ताणा कोणता नि बाणा कोणता, हे त्यांना पाढ्यांच्या आधी कळते.

अडचण दहावीनंतर सुरू होते. 'बाफ्त' शिकलेली मुलगी अकरावी सायन्सच्या वर्गात जाऊन बसते आणि एका दिवसात सगळे शब्द बदलतात. तिला विषय येत असतो, फक्त त्याचे नाव येत नसते. आमच्या एका विद्यार्थिनीला एका ज्युनियर कॉलेजच्या खिडकीतूनच सांगण्यात आले, "उर्दू मीडियमच्या मुली सायन्समध्ये टिकत नाहीत, आर्ट्‌सचा फॉर्म घ्या." तिला दहावीला विज्ञानात वर्गात सर्वांत जास्त गुण होते.

ती दहावीत असताना, डिसेंबरात, आम्ही काही मुलींना घेऊन पवईला गेलो होतो. तिथली आयआयटी १९५८ सालची. तिथले विद्यार्थी १९९८ पासून 'टेकफेस्ट' नावाचा विज्ञानमेळा भरवत आले आहेत. रात्रीच्या बसचा प्रवास, त्यामुळे घरोघर जाऊन परवानग्या मिळवाव्या लागल्या. एका वालिदांनी दारातच विचारले, "आपा, देखके क्या करेंगी? बनना तो कुछ है नहीं." तरी त्यांनी मुलीला पाठवले, वर खर्चाला पन्नास रुपयेही दिले. मेळ्यात रोबोटांच्या झुंजीभोवती तोबा गर्दी होती. आम्हांलाही ती आवडली, खोटे कशाला बोला! पण अशा विद्यापीठाचे खरे काम मेळ्यात दिसत नाही. ते बंद दारांआड, वर्षानुवर्षे, कंटाळवाण्या वाटणाऱ्या मोजमापात चालते. म्हणून परत आल्यावर तिथल्या दोन कामांविषयी आम्ही वर्गात बोललो.

पहिल्या कामाशी आमचे घरचे नाते आहे. आमच्या खालांचे दोन्ही गुर्दे निकामी झाले आहेत. आठवड्यातून दोनदा डायलिसिस असते. त्या यंत्रावर हातभर लांबीची एक पारदर्शक नळी बसवतात, ती आम्ही कितीदा तरी पाहिली होती, पण तिच्या आत काय असते हे फार उशिरा वाचले. आत धागे असतात! हजारो धागे, जवळपास केसासारखे बारीक आणि आतून पोकळ. रक्त धाग्याच्या आतून वाहते, स्वच्छ करणारे द्रावण बाहेरून. धाग्याच्या भिंतीला इतकी सूक्ष्म छिद्रे असतात की युरिया बाहेर जातो, रक्तपेशी आणि कामाची प्रथिने आत राहतात. पवईत रासायनिक अभियांत्रिकीचे प्राध्यापक जयेश बेल्लारे यांचा गट असे पोकळ धागे तयार करण्यावर काम करत आला आहे. त्यांनी पुढचे पाऊलही टाकले. अशा धाग्यांवर मूत्रपिंडाच्या आणि यकृताच्या पेशी वाढवून पाहिल्या.

पेशी कशासाठी? कारण गुर्दा ही नुसती चाळणी नव्हे. गाळून गेलेल्यातले उपयोगाचे तो पुन्हा वेचून घेतो, रक्त तयार व्हावे म्हणून संप्रेरक बनवतो. निर्जीव धाग्याला हे जमत नाही. म्हणून धागा हा ताणा मानायचा आणि त्यावर जिवंत पेशींचा बाणा भरायचा. ऊती अभियांत्रिकी म्हणतात ती ढोबळमानाने हीच. असा गुर्दा अजून रोजच्या उपचारात आलेला नाही, हे आम्ही मुलींना आणि खालांनाही स्पष्ट सांगितले. उगाच आशा लावण्यात अर्थ नाही. खालांनी सगळे शांतपणे ऐकून घेतले आणि म्हणाल्या, "धागाच आहे ना? मग मालेगावात का नाही बनत?" आमच्याकडे उत्तर नव्हते.

दुसरे काम चुलीच्या धुराचे. आयआयटी मुंबईच्या प्राध्यापक चंद्रा वेंकटरामन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लाकूड, शेतातला काडीकचरा, शेणाच्या गोवऱ्या चुलीत जाळून त्यांच्या धुरातून काय काय बाहेर पडते ते मोजले. २००५ साली 'सायन्स' या नियतकालिकात तो अभ्यास छापून आला. भारतात काळ्या कार्बनचा, म्हणजे काजळीच्या अतिसूक्ष्म कणांचा, सर्वांत मोठा स्रोत घरगुती चुलीतले हे जळण आहे, असा त्याचा निष्कर्ष होता. आमच्या अम्मींनी आयुष्यभर ज्या धुरात डोळे पुसले, त्याचा हिशेब जगातल्या मोठ्या नियतकालिकात मांडला गेला. त्या लेखावर वेंकटरामन यांच्या पाठोपाठ दुसरे नाव आहे गझाला हबीब यांचे. पुढे त्या दिल्लीच्या आयआयटीत प्राध्यापक झाल्या. आम्ही फळ्यावर ही दोन नावे लिहिली तेव्हा वर्गात एकदम शांतता पसरली. मागच्या बाकावरून कुणीतरी दुसरे नाव हळूच वाचले.

मग मुलींनीच काढले, आपणही मोजू. मोजायला यंत्र कुठून आणणार? हवेतल्या अडीच मायक्रोमीटरहून बारीक कणांची वर्षाची सरासरी दर घनमीटरला ४० मायक्रोग्रॅमच्या आत असावी, असे आपल्या देशाचे २००९चे मानक सांगते. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ साली ती मर्यादा ५ वर आणली. आमच्या प्रयोगशाळेतला तराजू असे काही तोलू शकत नाही. तेव्हा काचपट्ट्यांना व्हॅसलिन लावून त्या पाच ठिकाणी ठेवल्या: शाळेची गच्ची, एक लूमचा कारखाना, मोसम नदीचा काठ, सायझिंगची गल्ली आणि गावाबाहेरचे एक शेत. एक दिवस, एक रात्र. नंतर सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले. कारखान्याच्या पट्टीवर कापसाचे तंतू होते, पांढरे, गुंतलेले. सायझिंगच्या गल्लीतली पट्टी काळी, तिला सूक्ष्मदर्शकाची गरजच पडली नाही. ही काही शास्त्रीय मोजणी नव्हे, हे आम्हांला ठाऊक आहे. पण एकाच दिवशी, एकाच पद्धतीने पाच ठिकाणे पाहायची, ही शिस्त मुली त्यातून शिकल्या.

तालुक्याच्या प्रदर्शनासाठी तक्ता तयार झाला. गल्लीचे नाव लिहू नये, अशी एक सूचना आली. सूचना करणाऱ्यांचे स्वतःचेच सायझिंग आहे. मुलींनी ते नाव खोडले आणि 'ठिकाण क्रमांक ४' असे लिहिले. आम्ही गप्प राहिलो. नोकरी करणाऱ्याने किती बोलावे, हा हिशेब आम्ही रोज करतो.

ज्या मुलीला खिडकीतून परत पाठवले होते, तिने दुसऱ्या कॉलेजात सायन्सला प्रवेश घेतला आहे. तिच्या जीवशास्त्राच्या पुस्तकात इंग्रजी शब्दांच्या डोक्यावर पेन्सिलीने उजवीकडून डावीकडे लिहिलेले अर्थ दिसतात. त्या प्रदर्शनात तक्त्याजवळ तीच उभी होती. परीक्षकांनी काळी पट्टी उजेडात धरली आणि विचारले, "हे चार नंबर नेमके कुठे आहे?" ती काही बोलली नाही. हॉलच्या उघड्या खिडकीतून चिमणी दिसत होती, तिकडे तिने बोट दाखवले.