आक्कांची वाकळ आणि झोपलेला हात

रात्री दोन-अडीचच्या सुमाराला हाताला मुंग्या येऊन तुम्हाला कधी जाग आली आहे का? हात जड झालेला, बोटं बधिर, थोडी आगही. तुम्ही उठून बसता, हात दोन-चार वेळा झटकता, पलंगाखाली लोंबकळत सोडता आणि पाच मिनिटांत बरं वाटतं. 'हात अंगाखाली आला असेल' म्हणून आपण परत झोपतो आणि सकाळपर्यंत विसरूनही जातो.

आज या झोपलेल्या हाताबद्दल लिहायचं आहे. आणि माझ्या हातून झालेल्या एका चुकीबद्दलही.

माझा दवाखाना गडमुडशिंगीत आहे. दोन वर्षांपूर्वी, शिमगा होऊन आठवडाभर झाला असेल, गल्लीतल्या एक आक्का आल्या. वय साठीच्या आसपास. (त्यांना विचारून लिहिते आहे. "लिवा की, पण नाव घालू नका, गल्ली चिडवंल," असं उत्तर मिळालं.) तक्रार अशी: "मॅडम, रातच्याला हात जातोय बघा. सुई धरली की बोटं बधिर हुत्यात. परवा चहाचा कप हातातनं सुटला."

सुई कसली, हे मला विचारावं लागलं नाही. आक्का वाकळा शिवतात, हे सगळ्या गल्लीला माहीत होतं.

पुण्या-नाशिककडचे वाचक तिला गोधडी म्हणतील. आमच्याकडे वाकळ. घरातली जुनी लुगडी, धोतरं, विटलेल्या चादरी, पोरांचे आखूड झालेले शर्ट, सगळं तिच्या पोटात जातं. शिवाय आमच्या गावाला लागूनच गांधीनगर आहे. १९४३ ते १९४८ या काळात तिथे वळिवड्याच्या छावणीत पोलंडचे निर्वासित राहत होते. फाळणीनंतर सिंधी कुटुंबं आली आणि बघता बघता कापडाची मोठी घाऊक पेठ उभी राहिली. त्यामुळे आमच्या भागात कटपिसाला तोटा नाही. उन्हाळ्यात दुपारी कुठल्याही सोप्यात डोकावा, तीन-चार बायका वाकळेच्या चार बाजूंना बसलेल्या दिसतील. खालचं कापड पसरायचं, त्यावर जुन्याचे थर लावायचे, वरून चांगलंसं लुगडं, कडा दुमडून कच्चे टाके, आणि मग कडेकडेनं धावदोरा घालत चौकोनात चौकोन करत आत यायचं. सगळ्या जणी मध्यावर भेटल्या की वाकळ झाली.

आता हे डॉक्टरच्या नजरेनं बघा. सहा-सात थरांतून सुई आरपार घालायची तर अंगठा आणि तर्जनीची चिमट जोरात धरावी लागते, मधल्या बोटानं मागून रेटावं लागतं, आणि त्याच वेळी मनगट आत वळलेलं असतं. असे टाके एका दुपारीत शेकड्यांनी पडतात.

तुमच्या मनगटात तळव्याच्या बाजूला एक बोगदा आहे. खाली आणि बाजूंना आठ छोट्या हाडांची कमान, वरून जाड पट्ट्याचं छत. या बोगद्यातून बोटं वाकवणाऱ्या नऊ दोऱ्या जातात आणि त्यांच्याबरोबर एक नस, मीडियन नर्व्ह. गणपती विसर्जनाच्या रात्री महाद्वार रोडवर जी अवस्था असते, तीच इथे कायम असते. जागा ठरलेली, भिंती सरकणार नाहीत. दोऱ्यांभोवतीचं अस्तर थोडं जरी सुजलं तरी गर्दीत सगळ्यात मऊ जो असेल तो चेंगरतो. इथे मऊ असते ती नस. याला आम्ही कार्पल टनेल सिंड्रोम म्हणतो.

ही नस अंगठा, तर्जनी, मधलं बोट आणि अनामिकेची अर्धी बाजू यांची संवेदना सांभाळते. करंगळीचा तिच्याशी संबंध नाही. म्हणून पुढच्या वेळी हात झोपला की करंगळी तपासा. करंगळी जागी आणि बाकीची झोपलेली असतील, तर दुखणं बहुधा मनगटात आहे. सगळाच हात बधिर असेल किंवा त्रास मानेतून खाली उतरत असेल, तर शोध दुसरीकडे घ्यावा लागतो. आणि रात्रीच का? झोपेत आपण नकळत मनगट दुमडून घेतो. दुमडलं की बोगदा आणखी अरुंद होतो. हात झटकल्यावर बरं वाटतं, ही तर या आजाराची इतकी ठळक खूण आहे की पेशंटनं खुर्चीत बसल्या बसल्या हात झटकून दाखवला की अर्धं निदान तिथेच होतं.

आक्कांनी झटकून दाखवला. दोन्ही मनगटं वाकवून एकमेकांना टेकवून मिनिटभर धरायला सांगितली, तर अर्ध्या मिनिटातच "आली बघा मुंगी" म्हणाल्या. मला फार समाधान वाटलं. रोग समोर, कारण समोर. मी ठणकावून सांगितलं, "आक्का, वाकळ बंद. कायमची. सुईला हात लावायचा नाही." बी-१२ च्या गोळ्या दिल्या, थोडं वेदनाशामक दिलं आणि पुढचा पेशंट बोलावला.

चूक इथेच झाली, आणि एक नाही, दोन झाल्या.

त्यानंतर आक्का आल्या नाहीत. मी समजले, बरं वाटलं असेल. (डॉक्टरांचा हा एक आवडता गैरसमज आहे. न आलेला पेशंट बरा झाला असं आम्ही धरून चालतो.) भाद्रपद संपत आला. घट बसायच्या आधी आमच्याकडे घरातल्या सगळ्या वाकळा धुवायची पद्धत आहे, आणि त्या आठवड्यात माझ्याकडे कंबर धरून येणाऱ्या बायकांची रांग लागते. भिजलेली वाकळ पाण्यातून एकटीनं वाकून ओढली की मणक्यावर किती भार येतो, याचा अंदाज ती ओढल्याशिवाय येत नाही. दोघींनी दोन टोकं धरून उचला, एवढंच सांगते. तर अशाच एका कंबरवालीला इंजेक्शन देत असताना आक्कांची सून आत आली. "मॅडम, आत्यांस्नी आणलंय. जेवत न्हाईत, बोलत न्हाईत, दिवसभर पडून असत्यात. दुपारच्याला बायका यायच्या त्याबी यायच्या बंद झाल्या."

बायका बंद झाल्या नव्हत्या. त्या तीन घरं पलीकडच्या सोप्यात बसत होत्या. आक्कांना त्यांचं हसणं घरात ऐकू येत होतं. मी म्हटलं, मग जाऊन बसायचं की गप्पा मारत. आक्कांनी माझ्याकडे पाहिलं. "रिकाम्या हातानं जाऊन बसायचं व्हय, मॅडम?"

मला उत्तर सुचलं नाही. त्या सोप्यात काय चालतं ते मला आधी ठाऊक असायला हवं होतं. कुणाची सून माहेराहून आली नाही, कुणाच्या नवऱ्याचं पिणं वाढलं, कुणाला पाळी जाऊन सहा महिन्यांनी परत अंगावरून जायला लागलंय, हे तिथे खाली मान घालून, टाका घालता घालता सांगितलं जातं. समोरासमोर खुर्चीत बसून डॉक्टरला सांगणं अवघड. डोळे सुईवर असले की तोंड उघडतं. पाळी गेल्यानंतर रक्तस्राव झालेली एक बाई माझ्याकडे वेळेत आली होती, ती याच वाकळेवरून. तिला घेऊन आल्या होत्या त्या आक्काच. आणि मी त्यांना तिथून उठवलं होतं.

वाकळेची ही ताकद जगानंही पाहिली आहे. ११ ऑक्टोबर १९८७ रोजी अमेरिकेत वॉशिंग्टनच्या मोठ्या मैदानावर एक प्रचंड गोधडी पसरली होती, एड्सनं गेलेल्यांच्या नावांची. १,९२० तुकडे, प्रत्येक तीन फूट बाय सहा फूट, म्हणजे साधारण एका थडग्याएवढा. आजाराची लाज अशी होती की कित्येकांच्या अंत्यविधीलाही माणसं मिळत नव्हती. मग त्यांच्या आया, जोडीदार, मित्र, कधी अनोळखी माणसंसुद्धा शिवायला बसली. त्यात तरबेज किती होते आणि टाके वाकडे घालणारे किती, कुणी विचारलं नाही.

असो, आक्कांकडे येऊ. त्या दिवशी मी त्यांना नीट पाहिलं, जे मार्चमध्ये करायला हवं होतं. चेहरा सुजल्यासारखा, पापण्या जड, कातडी कोरडी, आवाज घोगरा. जेवण कमी आणि वजन मात्र वाढलेलं. पोट साफ होत नव्हतं. बाहेर उकडत होतं आणि बाई अंगाभोवती पदर घट्ट लपेटून बसल्या होत्या. रक्त तपासलं. टीएसएच ६८ आला. साधारण चार-पाचपर्यंत असावा.

म्हणजे थायरॉइड मंदावलं होतं, आणि बहुधा मार्चच्या आधीपासून. थायरॉइड मंदावलं की शरीरातल्या मऊ भागांत पाणी आणि चिकट द्रव साठतो. चेहऱ्यावर तो दिसतो, मनगटाच्या बोगद्यात दिसत नाही. नस तिथेही चेंगरतेच. त्यामुळे दोन्ही हातांना मुंग्या येणाऱ्या माणसाचं थायरॉइड आणि साखर तपासायची, हे आम्हाला विद्यार्थी असतानाच शिकवतात. संधिवात, गरोदरपण हीही कारणं असतात. मी सुई पाहिली आणि तिथेच थांबले. उदासीही तशीच, काही थायरॉइडची, काही माझ्या हुकुमाची. किती कशाची ते वेगळं काढता येत नाही.

गोळी सुरू केली. ही गोळी सकाळी उठल्या उठल्या, उपाशी पोटी, पाण्याबरोबर घ्यायची आणि त्यानंतर निदान अर्धा तास चहासुद्धा नाही. आमच्या भागात या शेवटच्या अटीवर उपचार अडतो. आक्कांनी तोडगा काढला: चूल पेटवायच्या आधी गोळी, मग अंगण झाडायचं, मग चहा. बरं वाटलं म्हणून आपल्या मनानं गोळी सोडू नका. दीड-दोन महिन्यांनी परत तपासणी करून डोस ठरवावा लागतो, आणि बहुतेकांना ती कायम लागते.

आणि वाकळ? ती मी परत सुरू करायला सांगितली. पण बदल करून. यातलं थोडं पुस्तकातलं, बरंचसं त्या सोप्यात बसून शिकलेलं. सातऐवजी चारच थर घ्यायचे, आणि जीनची पँट वाकळेत अजिबात घालायची नाही. ती सुईचा आणि मनगटाचा दोघांचा जीव घेते. सुई नवी, तीक्ष्ण, थोडी लांब. अडकलेली सुई बाहेर ओढायला सायकलच्या जुन्या ट्यूबचा बोटभर तुकडा जवळ ठेवा. रबरामुळे पकड बसते आणि चिमट अर्ध्या जोरात धरली तरी चालते. मनगट सरळ ठेवायचं. त्यासाठी वाकळ आपल्याकडे सरकवावी, हात वाकवून तिच्यामागे जाऊ नये. भिंतीला टेकून बसा, बुडाखाली पाट घ्या, अर्ध्या तासानं उठा. चाळिशीचा चष्मा लावायला लाजू नका. सोप्यातल्या निम्म्या जणींची मान दुखत होती ती धूसर दिसतं म्हणून वाकाकळेवर नाक टेकवून शिवत असल्यामुळे. मधुमेह असेल तर बोटात टोपण घालूनच शिवा, कारण बधिर बोटाला सुई टोचलेली कळत नाही आणि पिकल्यावर मगच लक्षात येतं.

रात्री झोपताना मनगट सरळ धरणारा पट्टा, स्प्लिंट, दोन्ही हातांना सहा आठवडे तरी. आक्कांची नातवंडं त्याला 'आजीचे बॉक्सिंगचे ग्लोव्हज' म्हणायची.

दिवाळीपर्यंत चेहरा उतरला, आवाज मोकळा झाला. डावा हात सुधारला. उजवा मात्र नाही. उजव्या अंगठ्याच्या मुळाशी जो मांसल उंचवटा असतो, तो बसत चालला होता. तुम्हीही आत्ता दोन्ही तळवे शेजारी धरून बघा. एका बाजूचा उंचवटा सपाट झालेला वाटला, शर्टाची गुंडी लावताना बोटं चुकायला लागली, वस्तू हातातून सुटायला लागल्या, तर मुंग्यांची वाट बघत बसू नका. या टप्प्यावर मुंग्या कमीही होतात आणि माणसाला वाटतं आपण बरे झालो. तसं नसतं, नस थकलेली असते. नसेची तपासणी केली, दाब जास्त निघाला. ऑपरेशन सांगितलं. हात बधिर करून बोगद्याच्या छताचा पट्टा कापायचा आणि जागा मोकळी करायची, काम छोटं असतं. उशीर झाला तर मात्र गेलेलं मांस पूर्ण भरून येईलच असं नाही.

आक्का म्हणाल्या, थोरल्या नातीचं पहिलं बाळंतपण पौषात आहे, तिची वाकळ झाल्याबिगर न्हाई. मी तारीख धरली, त्यांनी वाकळ धरली. शेवटी सोप्यातल्या बायकांनी निकाल लावला. चौघींनी वाटून घेतली आणि आठ दिवसांत नातीची वाकळ संपवली. त्याच आठवड्यात कोल्हापुरात ऑपरेशन झालं. नातीला मी एवढंच सांगितलं की वाकळ तू पांघर, बाळाच्या तोंडावर जड पांघरूण येऊ द्यायचं नाही, त्याला पातळ दुपटं पुरे.

बाराव्या दिवशी टाके काढायला आक्का माझ्याकडे आल्या. तळव्यावर चार टाके होते. मी चिमटा आणि कात्री घेतली तसा त्यांनी हात मागे घेतला, चष्मा लावला आणि तळवा खिडकीकडे धरून बराच वेळ निरखला.

"कुणी घातलं हे?"

"मोठ्या डॉक्टरांनी."

"हितं बघा, दुसरा नि तिसरा. जरा लांब पडल्यात." हात माझ्यापुढे ठेवत त्या म्हणाल्या, "काढा."