बस म्हणेपर्यंत

पुण्याहून येताना नीरा नदीचा पूल ओलांडला की शिरवळ लागतं. महामार्ग रुंद झाला, कारखाने आले, बाहेरगावची माणसं राहायला आली. आमच्या कबरी मात्र बहुतेक कच्च्याच, त्यांवर नावाची पाटी नाही. मयतांची नावं वहीत असायची. वहीची पानं सुटली. पुढे कुणी तरी यादी संगणकावर घेतली, पण जुन्या मराठी फॉन्टमध्ये. आज ती उघडली की नुसती इंग्रजी अक्षरांची खिचडी दिसते.

उरली ती चाचांची आठवण. वय ऐंशीच्या पुढे. मी लॅपटॉप घेऊन त्यांच्या शेजारी बसतो आणि नावं साध्या टेक्स्ट फाइलमध्ये घेतो. साधी फाइल कुठल्याही संगणकावर उघडते. ती युनिकोडमध्ये, यूटीएफ-८ पद्धतीने साठवली की फॉन्ट बदलला तरी मराठी मराठीच राहतं. ही पद्धत केन थॉम्पसन आणि रॉब पाईक यांनी 1992 मध्ये बसवली. 1969 मध्ये युनिक्सची सुरुवात करणाऱ्यांपैकी एक तेच थॉम्पसन.

चाचा एकेक नाव सांगत नाहीत, अख्खं घर सांगतात. प्रत्येक नावाला वेगळी कमांड देत बसलो तर त्यांची तंद्री मोडेल. म्हणून लिनक्सच्या टर्मिनलमध्ये एकदाच लिहितो:

कॅट >> नावे << 'बस'

यातलं ‘कॅट’ तेवढं इंग्रजी अक्षरांत टाइप करायचं. ‘नावे’ हे फाइलचं नाव, ते मराठीत चालतं. मग चाचा सांगतील तितक्या ओळी लिहीत जायचं, दर ओळीला एक नाव. ते “बस” म्हणाले की मीही नव्या ओळीवर मागेपुढे जागा न सोडता फक्त ‘बस’ लिहितो आणि एंटर दाबतो. सगळ्या ओळी फाइलच्या शेवटी जाऊन बसतात. ही सोय 1979 च्या बोर्न शेलपासून आहे. ‘बस’भोवती अवतरणचिन्हं दिली की आतला मजकूर जसाच्या तसा उतरतो.

जपायचं ते ‘>>’ हे चिन्ह. दोन बाण असले की जुन्याखाली नवं जोडलं जातं. एकच बाण दिला तर आधीची फाइल कोरी होते. त्यासाठी ‘सेट -ओ नोक्लॉबर’ करून ठेवावं. मग एका बाणाने असलेली फाइल पुसायला शेल नकार देतं.

वहीच्या उरलेल्या पानांवर बायकांची नावंच नाहीत. ‘अमक्याची बीवी’, ‘तमक्याची माँ’, एवढंच. चाचांना त्यांतल्या कितीतरी जणींची खरी नावं पाठ आहेत, माहेरच्या गावासकट. वहीतली ओळ मी खोडत नाही. लिहिणाऱ्याने तेव्हा जे लिहिलं ते राहू दे. फाइलच्या शेवटी तिच्या नावाची नवी ओळ जोडतो आणि पुढे ‘अमक्याची बीवी’ हेही लिहितो, म्हणजे शोधणाऱ्याला दोन्ही सापडतील.

चाचांनी अजून बस म्हटलेलं नाही.