नळाचें राजकारण

घरांतील सोयींत नळ ही सर्वांत निरुपद्रवी वस्तु, असा पुष्कळांचा समज असतो. वीज गेली कीं माणसें आरडाओरड करतात, मोबाइलचें नेटवर्क गेलें कीं त्यांचा जीव कासावीस होतो. नळ बिचारा मोरीच्या कोपऱ्यांत मुकाट्यानें उभा. आमचें मत अगदीं उलट आहे. नळाइतकें राजकारणी यंत्र घरांत दुसरें नाहीं. टीव्हीवरील पुढाऱ्यांचीं भांडणें कळ दाबून बंद करतां येतात. नळाची मात्र आपण नुसती चावी पिळावयाची. पाणी सोडणारी खरी चावी गल्लीच्या तोंडाशीं जमिनीखालीं असते, आणि ती कोणाच्या सांगण्यावरून लौकर फिरते व कोणाच्या सांगण्यावरून उशिरां, याविषयीं गल्लींत जितकीं घरें तितकीं मतें.

वस्तुतः कोल्हापुरास पाण्याची वाण असण्याचें कारण नव्हतें. पंचगंगेसारखी नदी उशाशीं, रंकाळ्यासारखा तलाव शेजारीं. शिवाय कळंब्याच्या तलावाचें पाणी उतारानें आपोआप शहरांत येई. तें जेथें सांठत असे त्या जागेला आजही लोक 'पाण्याचा खजिना' म्हणतात. टाकीला खजिना म्हणावें असें ज्यांस सुचलें, त्यांना पाण्याची किंमत बिल न येतांही ठाऊक होती.

ती किंमत आमच्या पिढीला २०१९ च्या ऑगस्टांत कळली. राजाराम बंधाऱ्यापाशीं पंचगंगेची धोक्याची पातळी ४३ फूट. त्या वर्षीं पाणी ५५ फुटांवर गेलें. उपसा केंद्रें बुडालीं, आणि चोहोंकडे पाणी असतां शहराचे नळ कित्येक दिवस कोरडे राहिले. एका गल्लींत होडी चाले, पलीकडच्या गल्लींत टँकरपुढें रांग. भर समुद्रांत तहानेनें व्याकुळ झालेल्या त्या इंग्रजी कवितेंतील खलाशाची अवस्था वर्गांत समजावून सांगणें सोपें आहे. कळशी घेऊन रांगेंत उभें राहिल्यावर ती कविता निराळीच समजते.

काळम्मावाडीच्या धरणांतून थेट नळानें पाणी आणावें, ही शहराची मागणी कित्येक दशकांची. २०१४ सालीं कामास आरंभ झाला आणि २०२३ च्या ऐन दिवाळींत दूधगंगेचें पाणी पन्नासांहून अधिक किलोमीटरांचा प्रवास करून पुईखडीस पोंचलें. आनंदाची गोष्ट खरीच. पण हा खटाटोप कशासाठीं करावा लागला? जयंती नाल्यानें वर्षानुवर्षें आमचेंच सांडपाणी पंचगंगेंत नेलें, म्हणून. दारची विहीर आपणच नासवावी आणि मग दूरच्या गांवाहून कावड आणल्याचा उत्सव करावा, तशांतला हा प्रकार. उत्सव मात्र थाटाचा झाला. पाणी कोणीं आणलें याचे फलक चौकाचौकांत लागले. मौज अशी कीं, महापालिकेची मुदत २०२० च्या नोव्हेंबरांतच संपली होती आणि पुढचीं पांच वर्षें निवडणूक झाली नाहीं. म्हणजे श्रेय घेणारे डझनभर, पण नळ कोरडा राहिला तर ज्याच्या दारांत जाऊन बसावें असा नगरसेवक एकही नव्हता. पुढें धरणाकडील पंप वरचेवर बंद पडूं लागले. त्या दिवशींचे फलक आम्हीं कोठें पाहिले नाहींत.

अशा वेळीं आम्हांस राधानगरीची आठवण होते. भोगावतीवरील तें धरण शाहू महाराजांनीं हातीं घेतलें. १९२२ सालीं ते वारले तेव्हां तें पुरें झालें नव्हतें. ज्याचें श्रेय आपल्या डोळ्यांदेखत पदरांत पडण्याची खात्री नाहीं असें काम काढणारा राज्यकर्ता होऊन गेला, हें आज कोणास खरें वाटणार नाहीं. त्या धरणाचे स्वयंचलित दरवाजे तर आम्हांस फारच आवडतात. पाणी ठराविक पातळीस आलें कीं ते आपोआप उघडतात. वीज नको, वरिष्ठांचा हुकूम नको, फीत कापणें नको. 'राधानगरीचा तिसरा दरवाजा उघडला' ही बातमी पावसाळ्यांत कोल्हापूरकर क्रिकेटच्या धांवसंख्येप्रमाणें एकमेकांस सांगतो.

पण पुढाऱ्यांसच बोल लावून मोकळें होणें बरें नव्हे. नळाला थेट विजेची मोटार लावण्याची जी युक्ति घरोघर पसरली आहे, ती कोणत्या पक्षाच्या जाहीरनाम्यांत होती? मोटारीनें पाणी वाढत नाहीं. शेजाऱ्याच्या नळांतलें आपल्या टाकींत येतें, इतकेंच. मग शेजारी मोठी मोटार आणतो. ज्याला मोटार परवडत नाहीं त्याच्या नळांतून हवेचा नुसता फुसफुसाट. 'काय सर, पाणी आलं काय तुमच्याकडं?' हा आमच्याकडील सकाळचा पहिला प्रश्न. त्यांत चौकशी किती आणि संशय किती, हें विचारणाऱ्याच्या मजल्यावरून ओळखावें. आमच्या सौभाग्यवतींनी तर टाकी, पिंप आणि गीझर असतांही सासूबाईंची तांब्याची घागर भरून ठेवण्याचा नेम सोडलेला नाहीं. 'टाकीतलं पाणी सगळ्यांचं. घागरीतलं दिसतं तरी,' असें त्यांचें म्हणणें.

मागें आमच्या इमारतींतील मंडळींची गच्चीवर सभा भरली. सरकार, महापालिका आणि सर्व पक्ष यांचा यथेच्छ समाचार घेऊन झाल्यावर, नळाच्या मोटारी प्रत्येकानें काढून टाकाव्या असा ठराव एकमतानें संमत झाला. चहा झाला. दुसऱ्या दिवशीं पहांटे साडेपांचाला पाणी सुटलें, आणि तीन मजल्यांवरून घूं घूं असा आवाज येऊं लागला.