बांगड्याच्या तिखल्याचे वय किती?

१/ मालवणच्या किनाऱ्यावर बांगड्याचे तिखले करायला फारसे काही लागत नाही. ताजे बांगडे, सुक्या लाल मिरच्या, थोडे खोबरे, हळद, ठेचलेली तिरफळे, चार सोले आणि मीठ. या पदार्थाला सर्रास ‘पारंपरिक’ म्हटले जाते. मात्र त्या एका मडक्यात निरनिराळ्या शतकांचे जिन्नस शेजारी शेजारी शिजत असतात. ते एकेक करून पाहू.

२/ तिरफळ इथल्याच मातीतले. सह्याद्रीच्या उतारांवर आणि कोकणातल्या परसात वाढणारे, काटेरी खोडाचे हे झाड. फळ वाळले की उकलते. आतले काळे बी टाकून देतात आणि साल वापरतात. जीभ किंचित बधिर करणारा त्याचा स्वाद बांगड्यासारख्या तेलकट, उग्र मासळीला सांभाळून घेतो. चीनमधील सिचुआनचा प्रसिद्ध मसाला याच कुळातला.

३/ सोलही इथलेच. पश्चिम घाटातले रातांबे एप्रिल-मे महिन्यांत पिकतात. त्यांची साल त्यांच्याच रसात पुन्हा पुन्हा भिजवून उन्हात वाळवली जाते. ही घाई पावसाच्या आधीची. दर्या बंद झाल्यावर सुक्या मासळीच्या आमटीला आंबटपणा देणारे तेच. वर्षभराचे ऊन साठवून ठेवण्याची ही रीत आहे.

४/ आता मिरची. ज्या जिन्नसाच्या तिखटपणामुळे तिखले डोळ्यांत पाणी आणते, तोच मुळात परका! मिरची अमेरिका खंडातली. १४९८ मध्ये वास्को द गामा कालिकतला पोहोचला, १५१० मध्ये गोवा पोर्तुगीजांच्या हाती गेले आणि त्यांच्या सागरी व्यापारातून मिरची पश्चिम किनाऱ्यावर उतरली. तोवर तिखट म्हणजे मिरी, पिंपळी, आले. नवागताला नाव मिळाले तेही जुन्या घरमालकाचे : मिरीवरून मिरची.

५/ इथे इतिहास गुंतागुंतीचा होतो. मिरची आणणारी हीच सत्ता समुद्रावर मालकी सांगत होती. पोर्तुगीजांचा ‘कार्ताझ’ हा परवाना नसेल तर व्यापारी गलबत जप्त होण्याची भीती असे. या परक्या आरमारांना आणि जंजिऱ्याच्या सिद्दीला तोंड देण्यासाठी शिवाजी महाराजांनी २५ नोव्हेंबर १६६४ रोजी मालवणच्या कुरटे बेटावर सिंधुदुर्गाची पायाभरणी केली. परवान्याशी वैर राहिले. मिरचीशी राहिले नाही. रांधणाऱ्या बायकांनी ती वाटणात घेतली आणि चारशे वर्षांत तिचे परकेपण विरघळून गेले.

६/ असे केवळ कोकणातच घडले नाही. भूमध्य समुद्राच्या काठी टोमॅटोशिवाय आज इटालियन जेवणाची कल्पना करवत नाही. पण टोमॅटोही अमेरिकेतलाच. त्याच्या सॉसची पाककृती नेपल्समध्ये छापली गेली ती सतराव्या शतकाच्या अखेरीस. समुद्रकाठच्या स्वयंपाकघरांना दारे दोन असतात : एक परसाकडे, एक बंदराकडे.

७/ चिमूटभर मिठालाही इतिहास आहे. वेंगुर्ल्याजवळच्या शिरोड्याला मिठागरे आहेत. समोर समुद्र, अंगणात ऊन, तरीही स्वतः मीठ उचलणे हा ब्रिटिश राजवटीत गुन्हा होता. मे १९३० मध्ये शिरोड्याला मिठाचा सत्याग्रह झाला आणि सत्याग्रहींनी लाठ्या खाल्ल्या. पेजेला चव आणणाऱ्या वस्तूवरील कर हा गरिबाच्या ताटावरचा कर होता.

८/ उरला बांगडा. मिरचीच्या कितीतरी आधीपासून तो या पाण्यात आहे. पावसाळा सरला की त्याचे थवे किनाऱ्याजवळ येतात आणि गावकरी रापण लावतात. होडीने जाळे अर्धवर्तुळात सोडायचे, मग दोन्ही टोके किनाऱ्यावरून अनेकांनी मिळून ओढायची. मिळालेल्या मासळीचे वाटे होतात. मासळी स्वस्त असे, म्हणूनच बांगडा गरिबाघरच्या पेजेसोबत आला.

९/ यांत्रिक नौकांची पर्ससीन जाळी हे थवे खोल पाण्यातच घेरतात. रापणीपर्यंत मग काय पोहोचायचे, हा मालवणच्या पारंपरिक मच्छीमारांचा प्रश्न आहे. त्यासाठी त्यांनी आंदोलने केली. ५ फेब्रुवारी २०१६ च्या आदेशाने राज्य शासनाने पर्ससीनवर निर्बंध घातले, १९८१ च्या मासेमारी कायद्यात २०२१ मध्ये सुधारणाही झाली. संघर्ष मात्र संपलेला नाही.

१०/ ‘आपले काय आणि परके काय’ हा वाद तिखल्याच्या मडक्यासमोर फार काळ टिकत नाही. परक्या मिरचीने या पदार्थाचे काही बिघडवले नाही, उलट त्याला नाव सार्थ करून दिले. धोका आहे तो त्यातल्या सर्वांत जुन्या जिन्नसाला. मिरची बाजारात कायम मिळेल, तिरफळे परसात मिळतील. बांगडा मात्र रापणीत यावा लागतो.