न झालेल्या संघाचे नाव

साहित्याच्या विद्यार्थ्याला रेडिंग हे गाव ठाऊक असते ते ऑस्कर वाइल्डच्या तुरुंगवासामुळे. वाइल्ड शिकला ऑक्सफर्डला आणि शिक्षा भोगली रेडिंगला. सुमारे चाळीस किलोमीटर अंतरावरच्या या दोन गावांना जोडणारा माझ्या लेखी तेवढाच एक दुवा होता. दुसरा दुवा कळला तो अलीकडे, आणि तोही फुटबॉलच्या वाटेने. या खेळाचे नियम मला आजही धड सांगता येणार नाहीत.

१६ एप्रिल १९८३ रोजी रॉबर्ट मॅक्सवेल यांनी जाहीर केले, की ऑक्सफर्ड युनायटेड आणि रेडिंग हे इंग्लिश लीगच्या तिसऱ्या श्रेणीतले दोन क्लब एकत्र होतील आणि त्यांच्या जागी ‘थेम्स व्हॅली रॉयल्स’ हा एकच क्लब उभा राहील. ग्रंथालयात वावरणाऱ्यांना मॅक्सवेल हे नाव परके नाही. शास्त्रीय नियतकालिके काढणारी पर्गमॉन प्रेस ही संस्था त्यांची. तिचा कारभार ऑक्सफर्डजवळच्या हेडिंग्टन टेकडीवरील वाड्यातून चाले. चेकोस्लोव्हाकियातल्या एका गरीब ज्यू कुटुंबात जन्मलेल्या या माणसाने स्वतःचे मूळ नाव केव्हाच मागे टाकले होते. नावे बदलता येतात, हा त्यांचा स्वानुभव होता.

त्यांचा युक्तिवाद मात्र पोकळ नव्हता. कर्जात रुतलेला ऑक्सफर्ड क्लब त्यांनीच १९८२ मध्ये सावरला होता. लहान गावांचे दोन क्लब वेगवेगळे राहून मरतील, एकत्र आले तर मोठे होतील, असे ते सांगत. दोन्ही गावांच्या मध्ये कुठेतरी नवे मैदान व्हायचे होते. ऑक्सफर्डचे जिम स्मिथ प्रशिक्षक आणि रेडिंगचे मॉरिस इव्हान्स त्यांचे सहायक, इथवर सारे ठरले होते. आकड्यांपुरते पाहिले तर यात खोट काढणे अवघड आहे.

मी अडखळले ती नावापाशी. विशेषनाम म्हणजे काय, हे वर्गात शिकवताना आपण व्याख्या सांगून मोकळे होतो. ‘थेम्स व्हॅली’ हे नाव १९६८ पासून तिथल्या पोलीसदलाला आहे. तेही अनेक दले एकत्र करूनच बनलेले. प्रशासनाच्या सोयीचे नाव. पण ‘तुम्ही कुठले?’ या प्रश्नाला ‘खोऱ्यातले’ असे उत्तर कोण देईल? ‘रॉयल्स’ हे रेडिंगचे टोपणनाव. तेही जुने नव्हे. त्याआधी त्या संघाला ‘बिस्किटमेन’ म्हणत, कारण हंटली अँड पामर्सचा बिस्किटांचा कारखाना त्या गावात होता. कारखान्याचे दिवस सरले तसे बिस्किटही नावातून गेले. म्हणजे नावे बदलतात, लोकांना ते चालतेही. पण ती बदलायला कारखाना बंद व्हावा लागतो, पिढी जावी लागते. एका पत्रकार परिषदेत ते होत नाही.

आठवडाभराने, २३ एप्रिलला, ऑक्सफर्डच्या मॅनर ग्राउंडवर विगनविरुद्धचा सामना वेळेवर सुरू होऊ शकला नाही, कारण प्रेक्षक मैदानावर ठाण मांडून बसले होते. तिकडे रेडिंगचा जुना खेळाडू आणि पुढे उद्योजक झालेला रॉजर स्मी काही समभागांच्या वैधतेचा प्रश्न घेऊन न्यायालयात गेला व विक्रीला स्थगिती मिळाली. विलीनीकरणाच्या बाजूचे संचालक पायउतार झाले आणि त्या उन्हाळ्यात क्लब स्मीच्या हाती आला. थेम्स व्हॅली रॉयल्स एकही सामना न खेळता संपला.

हे सारे मी शोधून वाचले त्याला घरगुती कारण होते. काही वर्षांपूर्वी आमच्या संस्थेत दोन तालुक्यांतली दोन महाविद्यालये एकत्र करण्याचा प्रस्ताव निघाला. घटती पटसंख्या, रिक्त जागा, तुकड्या टिकवण्याची धडपड. आकडे इथेही बिनतोड होते. मी समितीवर होते. मराठीची प्राध्यापिका म्हणून नव्या महाविद्यालयाला नाव सुचवण्याचे काम ओघानेच माझ्याकडे आले. मी नदीवरून एक छान संस्कृतप्रचुर नाव काढले. कुणाच्याही गावाचा त्यात उल्लेख नव्हता, आणि हीच त्याची खुबी म्हणून मी बैठकीत सांगितली. कौतुक झाले. बाहेर आल्यावर कार्यालयातले जुने शिपाईकाका म्हणाले, ‘‘मॅडम, आता आमच्या नातीच्या दाखल्यावर कुठलं नाव यायचं? तिची आई, मी, सगळे इथलेच ना.’’ मी काहीतरी उत्तर दिले. काय दिले ते आठवत नाही, यावरूनच ते कसे असेल याची कल्पना यावी.

इंग्लंडमधल्या त्या कथेचा उत्तरार्ध मला अधिक गुंतवतो, कारण तो कुणाचीच बाजू नीट घेत नाही. ऑक्सफर्ड मॅक्सवेल यांच्याच पैशावर १९८४ आणि १९८५ अशी लागोपाठ दोन वर्षे वरच्या श्रेणीत चढला. म्हणजे क्लबचे नाव पुसायला निघालेला माणूसच त्याच्या वैभवाचा कर्ता. २० एप्रिल १९८६ रोजी वेम्ब्लीवर लीग चषकाचा अंतिम सामना झाला, त्यात ऑक्सफर्डने क्वीन्स पार्क रेंजर्सला ३-० असे हरवले. त्या वेळी ऑक्सफर्डचे प्रशिक्षक होते मॉरिस इव्हान्स आणि रेंजर्सचे जिम स्मिथ. एका बाकावर बसायची ठरलेली दोन माणसे समोरासमोरच्या बाकांवर बसली होती. इव्हान्स यांनी आपले पदक घ्यायला क्लबचे वयोवृद्ध सेवक केन फिश यांना पाठवले.

पुढे २००६ मध्ये रेडिंग १०६ गुणांनिशी प्रथमच सर्वोच्च श्रेणीत पोचला, आणि त्याच हंगामात ऑक्सफर्ड लीगमधूनच बाहेर फेकला गेला. २०१० मध्ये तो परतला. रेडिंगचे एल्म पार्क आणि ऑक्सफर्डचे मॅनर ग्राउंड ही दोन्ही जुनी मैदाने आता उरलेली नाहीत. नावे तेवढी आहेत.

आमचा प्रस्ताव जागेच्या एका तांत्रिक अडचणीवर थांबला. मैदानात कुणी बसले नाही, न्यायालयात कुणी गेले नाही. पटसंख्या आजही घटतेच आहे. शिपाईकाका निवृत्त झाले. फाईल आमच्या विभागाच्या कपाटात आहे, आणि तिच्या पहिल्या पानावर ते नदीचे नाव माझ्या हस्ताक्षरात आहे.